शनिवारची सम: एका डॉक्युमेंटरीच्या म्युझिकच्या नोंदी

१२ जून २०२५, गुरुवार, कळवा

ज्या डॉक्युमेंटरीला मी म्युझिक करतोय तिचा रफ कट, म्हणजे पहिली कच्ची जोडणी, आला. ४८ मिनिटं. काल रात्री एकदा नुसता बघितला, आज हेडफोन लावून परत. यावेळी तारखेनिशी नोंदी ठेवायच्या ठरवल्यात, कारण मागच्या फिल्मला शेवटी शेवटी कुठला क्यू (म्युझिकचा एक तुकडा) कुठल्या व्हर्जनचा हेच कळेनासं झालं होतं आणि त्यावरून एडिटरशी जे वाजलं ते वेगळंच.

फिल्म ऐरोलीतल्या एका ताईंवर आहे. वय ५१, नऊ वर्षं डायलिसिसवर, म्हणजे किडनीचं काम मशीन करतं, रक्त बाहेर काढून गाळून परत. मंगळ, गुरु, शनि, सकाळची पहिली शिफ्ट, सेंटर ठाण्यात. बाकीचं सगळं चालू, म्हणजे घर, दहावीच्या मुलींच्या गणिताच्या शिकवण्या, भजनी मंडळ. ट्रान्सप्लांट का झालं नाही ते फिल्ममध्ये एका वाक्यात येतं आणि पुढे जातं, हे मला फार आवडलं.

आवडलं नाही ते टेम्प म्युझिक, म्हणजे एडिटपुरतं तात्पुरतं टाकलेलं. एडिटरने सगळीकडे पियानो अंथरलाय. सुई टोचताना सारंगी. ताई चहा ओततात तिथेही व्हायोलिन्स, अगं बाई चहाच ओततायत ना त्या. आणि डायरेक्टर (कॉलेजची ज्युनियर, मला दादा म्हणते) चार महिने हेच ऐकत बसल्यामुळे तिला आता तेच बरोबर वाटतंय. फोनवर म्हणाली, दादा तसंच कर पण आपलं. या वाक्यावर आजवर किती पोरांनी म्युझिक सोडून नोकरी धरली असेल.

१४ जून, शनिवार

पहाटे साडेपाचला सेंटरला. परवानगी मिळाली पण अट अशी की भिंतीच्या पॉइंटला काही जोडायचं नाही आणि दुसऱ्या कुणाचा आवाज, चेहरा काही घ्यायचं नाही. छोटा बॅटरीवरचा रेकॉर्डर नेला, फोन एरोप्लेन मोडवर.

मला वाटलं होतं आत हॉस्पिटलसारखी शांतता असेल. छे. एसी, टीव्हीवर सकाळचं भक्तिसंगीत, आरओ प्लांटची घरघर, बारा मशीन्स आणि त्यात टेक्निशियन लोकांची थट्टामस्करी. मशीनच्या पुढच्या बाजूला ब्लड पंप फिरतो, म्हणजे दोन रोलर गोल फिरत नळी दाबत जातात आणि रक्त पुढे ढकलतात, मिनिटाला २५०-३०० मिली. कान जवळ नेला की एक मऊ टक-घुर्र येतं. टॅप करून मोजलं तर साधारण सेकंदाला एक. म्हटलं झालं काम, साठचा टेम्पो आयता मिळाला.

मग सुया. दोन, जाड. एक रक्त बाहेर न्यायला, एक परत आणायला. मी खिडकीकडे बघायला लागलो तर ताई म्हणाल्या, "अरे इकडे बघ की, म्युझिक करणारेस ना याला?" बघितलं. सुई आत जात असताना त्या टेक्निशियनला सांगत होत्या की पोरीला सेमी-इंग्लिशलाच घाल, गणित-सायन्स इंग्लिशमध्ये होतं आणि मराठीही सुटत नाही. वाक्य मध्ये तुटलं नाही, फक्त "सेमी" या शब्दावर डोळे एकदा मिटले. सारंगी कुठे बसवायची इथे?

१८ जून, बुधवार

बुधवार मुद्दाम. ताईंनीच सांगितलं, मंगळवारी डायलिसिसनंतर घरी येऊन नुसतं पडायचं असतं, अंग पिळून दोरीवर टाकल्यासारखं. दुसऱ्या दिवशी माणसात येतात. सोमवारी येऊ नकोस, शनिवारनंतर दोन दिवस अंगात पाणी साठलेलं असतं, जिना चढून दम लागतो, गाणं तर सोडच.

ठाण्याहून ट्रान्स-हार्बर, ऐरोलीला उतरून चालत दहा मिनिटं. लॅपटॉपवर पहिली थीम ऐकवली. मी शहाणपणा करून टेम्पचा पियानो काढून बासरी टाकली होती, शिवरंजनी रागाच्या अंगाने. ताईंनी पूर्ण ऐकली. भजनात तीस वर्षं काढलेली बाई, मान जराही हलली नाही. मग हार्मोनियम पुढे ओढली, सा रे वाजवलं, कोमल गंधारावर, म्हणजे खाली उतरलेल्या ग वर, बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "हा एवढा ग कोमल केलास म्हणून मी बिचारी झाले होय?"

भाऊजी आतून हसले ते मला ऐकू आलं.

मी तिथल्या तिथे ग शुद्ध केला, म्हणजे सरळ भूप राग झाला, बाकी स्वर तेच. वाजवला. आता त्याच हसायला लागल्या. "हे तर विम्याच्या जाहिरातीसारखं झालं. मी डोंगरबिंगर चढतेय का शेवटी?"

एका सुराने बाई बिचारी होते आणि त्याच सुराने वीरांगना. दोन्ही नको असेल तर ग ठेवायचाच नाही. परतीच्या गाडीत फोनवर नोट केलं: सा रे प, फार तर ध. ग गाळणे. डायरेक्टरला सांगितलं तर म्हणाली मग लोकांना फील काय करायचं ते कळणार कसं. म्हटलं तेच तर.

२५ जून, बुधवार

आजचा दिवस फिस्चुलाचा. यावर नीट लिहून ठेवतो, बाकी क्यूचं उद्या.

डायलिसिसला रक्त इतक्या वेगाने काढायचं तर साधी शीर पुरत नाही, म्हणून हातातली धमनी शिरेला ऑपरेशन करून जोडतात. धमनीचा जोर थेट शिरेत, मग ती शीर काही आठवड्यांत फुगते, जाड होते, आणि आठवड्यातून सहा सुया वर्षानुवर्षं सोसते. ही युक्ती १९६६ची, ब्रेशिया आणि सिमिनो या डॉक्टरांची. ताईंचा डाव्या हाताला आहे, मनगटापासून वर दोरखंडासारखा गाठीगाठींचा. त्या हाताला बीपी नाही, इंजेक्शन नाही, घट्ट बांगडी नाही, त्यावर डोकं ठेवून झोपायचं नाही.

"बोट ठेव," म्हणाल्या. ठेवलं आणि दचकून उचललं. आत काहीतरी थरथरत होतं, मांजर मांडीवर झोपून गुरगुरतं ना तसं. डॉक्टर लोक याला थ्रिल म्हणतात. "आता कान लाव." लाजत लाजत लावला.

हा आवाज कसा लिहायचा कळत नाही. लांबून लोकल जाते पण जातच राहते, संपत नाही. श्श्-वूँ, श्श्-वूँ, प्रत्येक ठोक्याला फुगणारा आणि मधे पूर्ण न थांबणारा. रोज सकाळी ब्रश करायच्या आधी त्या हात कानाला लावतात. वाजतंय म्हणजे चालू. एखाद्या दिवशी नाही वाजलं तर आत गुठळी, मग चहाबिहा काही नाही, सरळ हॉस्पिटल. एकदा झालंय तसं, २०२१ला. त्या दिवशीचं सांगताना म्हणाल्या, "घरात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती."

आणि मी इथे पंपाचा टेम्पो घेऊन बसलो होतो. पंप मशीनचा आहे. हा आवाज त्यांचा.

रेकॉर्डिंगची गंमत: फोनच्या माईकला काहीच येत नाही, नुसती खसखस. शेवटी स्टेथोस्कोपची नळी कापून तिच्यात कॉलर माईक घुसवला, वरून टेप, आणि फॅन, फ्रिज बंद. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, अकरा मिनिटं. मधे कुकरची एक शिट्टी शेजाऱ्यांची. ती ठेवलीय.

१ जुलै, मंगळवार

काम असं झालं नाही. फिस्चुलाच्या आवाजाखाली पॅड (लांब धरलेले सिंथचे सूर) टाकून बघितलं, भयपट झाला. पिच करेक्ट करून सा वर आणायचा प्रयत्न केला, तो आवाज मुळात सूर नाहीच, वारा आहे, त्याला सूर चिकटवला की प्लास्टिक वाटतं. डिलीट.

क्लिक ट्रॅकही, म्हणजे ठरलेल्या वेगाची टिकटिक, बंद केला. नाडी एका वेगाची नसते. चार तासांत दोन-अडीच लिटर पाणी अंगातून काढतात, त्यांच्या मशीनच्या स्क्रीनवर सुरुवातीला ७८ होती ती शेवटी ९४. आता टेम्पो मॅप, म्हणजे वेग कुठे किती बदलायचा ते, त्या आकड्यांवरून काढतोय. डोकं उठलंय. कारशेडकडे जाणाऱ्या गाड्यांच्या मधल्या फटीत रेकॉर्डिंग करायची सवय आहे मला, पण हे त्याच्या वरचं.

६ जुलै, रविवार, आषाढी

भजनी मंडळाचं शूट, सेक्टरमधल्या देवळाच्या हॉलमध्ये. मला बोलावलं लाइव्ह साउंडसाठी, तिथे बायकांनी टाळ हातात दिले. पखवाजवाल्या काकांनी आठ मात्रांचा भजनी ठेका धरला तो दीड तास सोडला नाही.

ताई हार्मोनियमवर. डावा हात भात्यावर, तोच हात. मी विचारलं चालतं का, तर म्हणाल्या, ऑपरेशननंतर डॉक्टरांनी बॉल दिला होता दाबायला, शीर तयार व्हावी म्हणून. बॉल दोन दिवसांत कंटाळवाणा झाला, मग भाता मारला. "डॉक्टरना सांगितलं, ते म्हणाले दाब येत नसेल तर खुशाल."

उपासाचं काय: शेंगदाणे, बटाटा, रताळं, केळं सगळं पोटॅशियमवालं, त्यामुळे एकादशीला ताईंना उपासाचं फारसं काही चालत नाही. त्या भात खाऊन आल्या होत्या. एका बाईंनी त्यावर तोंड वाकडं केलेलं कॅमेऱ्यात आलंय, मी तिथे म्युझिक टाकायला ठाम नकार दिलाय. टाळांचा आवाजच चालू राहू दे मागे.

११ जुलै, शुक्रवार

हे आधी का दिसलं नाही.

डायरेक्टरने शूटचं कॅलेंडर पाठवलं, डायलिसिसचे दिवस पिवळे करून. मी पंखा बघत पडलो होतो आणि नजर त्या पिवळ्या चौकोनांवर. शनिवार, मग दोन रिकामे, मंगळवार, एक रिकामा, गुरुवार, एक रिकामा, परत शनिवार. तीन, दोन, दोन. तीन-दोन-दोन!

रूपक ताल. सात मात्रा. अख्खा आठवडा रूपकात आहे. शनिवारपासून मोजलं की

तीं तीं ना | धीं ना | धीं ना

शनि रवि सोम | मंगळ बुध | गुरु शुक्र. प्रत्येक विभाग बरोब्बर डायलिसिसच्या दिवशी सुरू होतो. आणि रूपकची जी खासियत, की बाकी तालांत समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, टाळी असते आणि रूपकात समेवरच खाली, म्हणजे टाळी न देता हात रिकामा, ती इथे शनिवारी येते. तीं. डग्ग्याची, म्हणजे तबल्यातल्या डाव्या हाताची, घुमक नाही. मग सोमवारपर्यंत घुमक नाहीच, आणि मंगळवारी धीं.

रात्री दीड वाजता उठून ठेका टाकला, फक्त खर्ज आणि बोटांचे आवाज, प्रत्येक मात्रा एक दिवस. एक आवर्तन म्हणजे एक आठवडा. नऊ वर्षं म्हणजे ४७० आवर्तनांच्या आसपास. बायकोने दार उघडून बघितलं आणि काही न बोलता लावून घेतलं.

१६ जुलै, बुधवार

ताईंना दाखवलं. त्यांनी मांडीवर हाताने धरून बघितलं, बोटांवर वार मोजले, दोनदा. मग म्हणाल्या, "शनिवारी सम आणि खाली. बरोबर आहे रे. शनिवारी संध्याकाळी माझ्यात काही उरलेलं नसतं."

मी खूश. पण दोन मिनिटांनी: "पण रवि-सोम चुकलं तुझं. तिथे तू बेस काढून टाकलायस, रिकामं केलंयस. ते दिवस रिकामे नसतात, जड असतात. पाणी चढत जातं. सोमवारी रात्री चप्पल पायात जात नाही."

तालाच्या हिशोबाने मी बरोबर, पायाच्या हिशोबाने त्या. घरी येऊन दोन्ही करून बघितलं. डग्गा टाकला तर रूपक मोडतो, रूपकाची सगळी मजाच त्या न वाजलेल्या डग्ग्यात आहे. नाही टाकला तर ताई म्हणतात ते खरं आहे, खोटं बोलतंय म्युझिक.

अख्खी संध्याकाळ यावर घालवली. आत्ताचं उत्तर: ठोका नाही, पण तंबोऱ्याची खर्जाची तार शनिवारी अगदी न ऐकू येण्याइतकी आणि तिथून सोमवारपर्यंत हळूहळू वर. आघात नाही, नुसतं चढणं. मंगळवारच्या धींला ती खाली बसते. डायरेक्टर म्हणाली हे कुणाच्या लक्षात येणार आहे. कुणाच्या नाही आलं तर उत्तमच.

२५ जुलै, शुक्रवार

खऱ्या तंबोऱ्याचं रेकॉर्डिंग, नौपाड्यात एका सरांकडे. मिरजेचा जुना भोपळा, आवाज काय सांगू. प सा सा सा लावून घेतला. कंडिशन एकच, ग कुठेही नको.

घरी येऊन ऐकतोय तर ग आहे. स्वच्छ. मी वाजवला नाही, सरांनी वाजवला नाही. मग डोक्यात प्रकाश पडला, तंबोरा नीट लागला की खर्जाच्या तारेतून आपोआप शुद्ध गंधार ऐकू येतो, स्वयंभू गंधार म्हणतात तोच, लहानपणी क्लासमध्ये ऐकवायचे आणि आम्ही ऐकू आल्याचं नाटक करायचो. एक्यू लावून, म्हणजे तेवढीच पट्टी कमी करून, कापता येईल. थोडा वेळ कर्सर तिथे ठेवला आणि मग म्हटलं राहू दे, त्याला कुणी बोलावलेलं नाही.

३ ऑगस्ट, रविवार

इतिहासाचा ९० सेकंदांचा तुकडा. डॉक्टर विलेम कोल्फ, नेदरलँड्स, जर्मनांचा कब्जा असताना १९४३मध्ये डायलिसिसचं खऱ्या वापरातलं पहिलं मशीन. लाकडी ड्रमवर सॉसेजच्या आवरणाचं सेलोफेन गुंडाळून तो टबात फिरवायचा. सुरुवातीचे पेशंट जवळजवळ सगळे गेले, १९४५मध्ये एक बाई वाचली. याला म्युझिक म्हणून मी काहीच विशेष केलं नाही, आमच्या बाल्कनीतला कपडे वाळत घालायचा रहाट फिरवून लाकडाची करकर घेतली, त्यावर एक सा. एडिटरला हा क्यू सगळ्यात जास्त आवडला, ज्याला पंधरा मिनिटं लागली. असंच असतं.

खिडकीबाहेर ढोल-ताशा पथकाची प्रॅक्टिस सुरू झालीय. रात्री दहापर्यंत माईक उघडणं शक्य नाही.

१० ऑगस्ट, रविवार

आतल्या आत स्क्रीनिंग, डायरेक्टरच्या घरी, आठ माणसं. त्यात दोन डायलिसिसवाले, ताईंच्याच शिफ्टचे.

माझा सगळ्यात लाडका क्यू तिसरा. मशीनच्या अलार्मची बीप सॅम्पल करून, कापून, रूपकात बसवली होती. एकदम कूल. तो सुरू झाला आणि सोफ्यावरच्या काकांचा उजवा हात झपकन डाव्या कोपराकडे गेला. सुईकडे. त्यांचं त्यांनाच हसू आलं, म्हणाले सवय आहे हो, अलार्म वाजला की आधी बघायचं सुई हलली का, नळी दबली का, हवा आली का. पण पुढची पाच मिनिटं त्यांनी फिल्म बघितली नाही, हात बघत होते.

काढून टाकला. पूर्ण. जिथे खरा अलार्म आहे तिथे खराच राहील आणि त्याच्या आगेमागे पाच सेकंद म्युझिक नसेल. ज्याच्यासाठी फिल्म केलीय त्याला घाबरवून ज्याला काही माहीत नाही त्याला इंप्रेस करायचं, हा धंदा नको. अर्थात हे मला दोन महिने सुचलं नव्हतं हेही लिहून ठेवतो.

१६ ऑगस्ट, शनिवार

दहीहंडी. ठाण्यात. कामाची आशा सोडली. ताई पहाटे साडेचारलाच निघाल्या, रस्ते बंद व्हायच्या आत. परतताना मात्र अडकल्या, रिक्षात दीड तास, डायलिसिस झालेल्या अवस्थेत, बाजूला डीजे. त्यांनी व्हॉइस नोट पाठवली, तिच्यात त्यांचा आवाज ऐकूच येत नाहीये, नुसता बेस. "बघ, शनिवारी डग्गा!" एवढं शेवटी कळतं.

१९ ऑगस्ट, मंगळवार

कालपासून धो धो. आज सेंट्रलची मेन लाइन ठाण्याच्या पुढे बंद. डायरेक्टर नेमकी दादरला, कॅमेरामन तिच्याबरोबर. मला फोन, दादा तू जवळ आहेस, निदान साउंड तरी घे. गेलो, गुडघ्यापर्यंत पँट वर करून.

सेंटरमध्ये बारापैकी नऊ बेड भरलेले. नऊ! लोक ऑफिसला जात नव्हते त्या दिवशी. एक आजोबा मुंब्र्याहून कुणाच्या तरी टेम्पोत बसून आले होते. ताई ओल्या साडीत, भाऊजी पिशवीतून कोरडा टॉवेल काढतायत. वजन केलं, तीन किलो वर. तीन दिवसांचं पाणी. बाहेर गुडघ्याएवढं पाणी आणि आत दिवसाला ७५० मिलीच्या वर पिऊ नका असं सांगितलेली माणसं. ताईंनी बर्फाचा एक छोटा खडा तोंडात धरला होता, तो किती वेळ पुरवतात ते मी बघत होतो, चावत नाहीत, गालात सरकवत राहतात, या गालातून त्या गालात, आणि बोलताना तो दातांवर टिक करून वाजतो.

अर्धा तास रेकॉर्ड केलं. पाऊस पत्र्यावर, पंप आणि तो टिक. या सीनला म्युझिक नाही. डायरेक्टरने ऐकून लगेच हो म्हटलं, भांडावं लागलं नाही, पहिल्यांदाच.

३ सप्टेंबर, बुधवार

गणपतीत ताईंकडे जेवायला. मिक्ससाठी फिस्चुला परत रेकॉर्ड करू म्हटलं, जूनमधल्यात ती शिट्टी आहे म्हणून. घरी येऊन दोन्ही ट्रॅक खालीवर लावले आणि पोटात गोळा आला. जूनचा आवाज जाड, सलग. आजचा बारीक, वरच्या पट्टीतला, आणि मधे तुटतोय. थोडं वाचलेलं आहे तेवढ्यावरून माहीत होतं, शीर अरुंद व्हायला लागली की आवाज चढतो आणि सलगपणा जातो.

रात्री अकराला मेसेज कसा लिहायचा? चारदा लिहून खोडला. शेवटी पाठवला. मला वाटलं मी फार मोठं काहीतरी पकडलंय.

उत्तर दोन मिनिटांत: "अरे हो, सोमवारपासून वाजतंय तसं. उद्या डॉप्लर सोनोग्राफी आहे. झोप आता."

माझ्याकडे स्पेक्ट्रोग्राम, आवाजाचा आलेख, आहे. त्यांच्याकडे नऊ वर्षं कान आहे.

८ सप्टेंबर, सोमवार

फुगा घालून शीर मोकळी केली, शुक्रवारी. परवा शनिवारी, अनंत चतुर्दशीला, त्याच हातावर डायलिसिस झालंसुद्धा. भाऊजींनी फोनवर सांगितलं, आवाज परत जाड झालाय.

डायरेक्टरला हा प्रसंग फिल्ममध्ये हवाच. म्हणाली दादा हे क्लायमॅक्स आहे, दोन आवाज, आधी बिघडलेला मग बरा, तू फक्त एक बिल्ड दे. मोह मलाही झाला, खोटं का बोलू, क्यू डोक्यात तयारच होता. पण तिने ताईंना विचारलं आणि त्या म्हणाल्या, "याची गोष्ट करू नका. गेल्या वर्षी पण केलं, पुढच्या वर्षी पण होईल. तुम्ही क्लायमॅक्स करून घरी जाल, मला मंगळवारी परत जायचंय."

जूनचा ट्रॅक राहिला. शिट्टीसकट.

१७ सप्टेंबर, बुधवार

फायनल मिक्स. ४८ मिनिटांत म्युझिक एकूण ११ मिनिटं, टेम्पमध्ये ३७ होतं. लाउडनेस, म्हणजे एकूण आवाजाची पातळी, मायनस २३ LUFSला बसवला, ऑनलाइनसाठी वेगळं एक्स्पोर्ट. फिस्चुलाचा आवाज लॅपटॉपच्या स्पीकरवर अर्धा गायब होतो, खालचं सगळं जातं, त्यामुळे वरचा श्श् किंचित उचलला, बाकी इलाज नाही. सुरुवातीला टायटलखाली तो एकटा आहे वीस सेकंद. एडिटरला वाटतंय लोकांना साउंडमध्ये फॉल्ट वाटेल. वाटू दे वीस सेकंद.

शेवटी ठेका समेवर संपवायचा नाही हे ठरलंय. क्रेडिट्स संपतात तेव्हा आवर्तन शुक्रवारवर आहे, शेवटच्या 'ना' या बोलावर. पुढची मात्रा वाजत नाही. डायरेक्टरने तीनदा विचारलं की कट चुकून लवकर पडलाय का.

स्टेम्स (वेगवेगळे काढलेले ट्रॅक), क्यू शीट (कुठे कुठलं म्युझिक त्याची यादी), बिल पाठवलं. बिलाचं कधी होईल देव जाणे.

२१ सप्टेंबर, रविवार

पहिला शो ठरत होता शनिवारी संध्याकाळी, हॉल तेव्हाच मोकळा होता. मी म्हटलं शनिवारी कसं, सम आहे ती. डायरेक्टर आधी वैतागली, मग कॅलेंडर बघितलं आणि हॉलवाल्याला फोन लावला. आता बुधवारी, १ ऑक्टोबर, संध्याकाळी पाच.

ताईंना कळवलं. काय नेसायचं वगैरे झालं, मंडळातल्या चौदा बायका येणार, टाळ घेऊन येऊ का असं विचारत होत्या, त्यांना कसंबसं नको म्हटलं. मग फोन ठेवता ठेवता: "इंटरव्हल नाहीये ना? चहा आधी देणार की नंतर ते विचारून ठेव. त्या दिवशीचा अर्धा कप मी सकाळपासून बाजूला ठेवणार आहे, वाया जायला नको."